पाऊस नसताना उघडणारी छत्री

रवि., ८ जून
गच्चीवरच्या खोलीत आमचा रविवारचा गोष्टीचा खेळ. गोष्ट नेहमी मीच सांगतो. राक्षस माझे, जादूच्या वस्तू माझ्या. बाकीच्यांनी शूर व्हायचं आणि फासे टाकायचे. आज इरफान नवा आला. शाहूपुरीत ट्रॅक्टरचे पार्ट विकतो, मूळचा चंदगडचा. त्याला मुद्दाम फुटकळ वस्तू दिली : कधी न आटणारा तांब्या. पुढ्यात माझा लोखंडी राक्षस. तलवार लागत नाही, आग लागत नाही.
हा म्हणतो, "दादा, अंगण मातीचं हाय न्हवं?"
"आहे."
"मग वततो पाणी. भाताचं रोप लावायच्या आधी करतो तसला चिखल करायचा. एवढं लोखंड, जातंय कुठं!"
राक्षस कमरेपर्यंत रुतला. एकही फासा टाकावा लागला नाही. वैशाली डोळे पुसून पुसून हसली. माझी बायको. माझे विनोदी लेख छापायला जाण्याआधी वाचते आणि स्वल्पविराम सुधारते.

सोम., ९
चहा देताना पुन्हा "जातंय कुठं!" आणि एकटीच हसली. चहात साखर नव्हती. तसाच प्यायलो.

शनि., १४
इरफानसाठी छत्री तयार. पाऊस नसतानाच उघडते, पावसात नाही. लग्नातल्या आहेरासारखी निरुपयोगी. बघू चिखलसम्राट काय करतात.

रवि., १५
चेटकिणीच्या दारात प्रलय. पाऊस खोटा, तिनं घातलेली भूल. पण हे माझ्याशिवाय कुणाला कळायची सोय नव्हती. इरफाननं छत्रीची कळ दाबली. नियम माझाच, सांगावं लागलं : उघडली.
"उघडली? मग ह्यो पाऊसच न्हाय की! चला वैनी."
गेले सगळे कोरडे. वर मलाच, "काय भारी वस्तू दिलीसा, दादा!" मेल्याला कुत्सितपणाही येत नाही. धड चिडायची सोय...

रवि., २२
वैशाली सगळ्यांदेखत : "पुढची गोष्ट इरफानभाऊंना सांगू द्या. अहो, तुम्हीपण खेळा की एकदा."
मी 'अरे वा' म्हणालो. दोनदा.
इरफाननं मला घंटा दिली. वाजवली की सगळ्यांना ऐकू येते, वाजवणाऱ्याला सोडून. "बाकी काय न्हाय हिच्यात. पण तुमचं डोस्कं, दादा! रविवारी काय करतायसा ते दावा."
थट्टा नव्हती. तेच वाईट.

गुरु., २६
सकाळपासून घंटा. लेख अर्धा पडलाय. पहारेकऱ्यांना चकवायला... नको, ते कुणीही करील. त्या चंदगडकराला एव्हाना...
वैशाली दारात. "सुचलं का काही?"
"केव्हाच."
"मग सांगा की."
"रविवारी."
गेली नाही. काहीतरी ऐकू येत असल्यासारखी उभीच आहे.