हेल्मेटवरची थाप

मी, पायल प्रमोद ओव्हाळ, वय २९, काम वाहनांच्या ब्रेकची चाचणी घेण्याचे, हल्ली राहणार जांबे, मूळ गाव भरे, ता. मुळशी, जि. पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी तब्येत चांगली आहे आणि मी पूर्ण शुद्धीत आहे, असा दाखला डॉक्टरांनी आज सकाळी दिला. गाडीच्या शर्यतीत उतरायलाही तसाच दाखला लागतो, त्यामुळे एका तपासणीत दोन्ही कामे झाली. मला कोणी धमकावलेले नाही की फूस लावलेली नाही. उलट हे लिहू नकोस असेच सगळ्यांनी सांगितले.

या महिन्याच्या अखेरीस दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर सहा तासांची शर्यत आहे. हौशी लोकांची आहे, बक्षीस म्हणजे करंडक. एक गाडी, दोन चालक, आळीपाळीने. आमच्या गाडीचे चालक मी आणि माझा थोरला भाऊ रत्नदीप. अशा शर्यतीत माणूस सहसा मरत नाही. मृत्युपत्राचे कारण ते नाही. कारण कलम ४ मध्ये आहे. वाचणाऱ्याने आधी तिथे उडी मारू नये.

कलम १. भऱ्याची जागा

भरे येथील आमच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर तीन नावे आहेत : आई अनुसया, रत्नदीप आणि मी. वडील कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले, त्यानंतर ही नावे लागली. जमिनीवर वडिलांची पत्र्याची शेड आहे. पिरंगुटच्या कारखान्यातली पाळी संपली की ते तिथे वेल्डिंगची कामे करीत, आणि त्यातून वेळ उरला की आमच्या गाडीचे काम. गाडीच्या आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा असतो. गाडी उलटली तर छत डोक्यावर येऊ नये म्हणून. तो त्यांनी याच शेडमध्ये जोडला. त्यातला प्रत्येक सांधा मी नंतर तपासला आहे. एकही पुन्हा करावा लागला नाही.

या जमिनीतला माझा हिस्सा मी माझी आत्या रंभाबाई, राहणार जांबे, हिला देत आहे.

वकिलांनी मला असे सांगितले : अविवाहित मुलगी मृत्युपत्र न करता गेली, तर वडिलांकडून तिला आलेली मिळकत पुन्हा वडिलांच्याच वारसांकडे जाते. म्हणजे आईकडे आणि रत्नदीपकडे. रत्नदीपलाही हे ठाऊक आहे. त्यालाही वकिलांनीच सांगितले. वेगळ्या वकिलांनी.

आजोबा गेणबा गेले तेव्हा आत्याने हक्कसोडपत्रावर सही करून आपला हक्क वडिलांना दिला. त्या वेळी तिला एक साडी मिळाली. ती तिने कधी नेसली नाही. मी गाडीचे काम शिकू लागले तेव्हा तिने ती मला आणून दिली.

"घे, फडकी कर ह्याची. एवढी वर्सं ठिवली, ठिवून काय करू? नायलॉन हाय, मरायची न्हाई."

नायलॉनने तेल पुसले जात नाही, नुसते पसरते. हे मी तिला सांगितलेले नाही. फडकी शेडमध्ये खुंटीला आहेत.

हे कलम तिला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "मला नको गं बाई. पुन्यांदा सही करायला बोलावत्याल."

"आता सही करायची नाही, आत्या. फक्त घ्यायचं."

"मंग साडी कुनी कुनाला द्यायची?"

आत्यावर कोणतीही अट नाही. तिला हिस्सा विकावासा वाटला तर तिने विकावा. ती माझ्या आधी गेली तर हा हिस्सा तिची मुलगी जया हिला मिळावा.

ही जागा घेऊन तिथे भाड्याच्या खोल्या बांधू पाहणारे एजंट विठ्ठलराव यांना माझ्याकडून काही नाही. ते मला म्हणाले होते, "ताई, भावाच्या कागदावर सही करायला एवढं वाचत न्हाईत." शेडमध्ये त्यांचा चष्मा राहिला आहे. तो त्यांना परत करावा, वाचायला लागेल.

कलम २. पैसे

बँकेतली शिल्लक आणि भविष्य निर्वाह निधी आईला. दोन्हीकडे नामनिर्देशन केलेले आहे. विम्याच्या अटी मी वाचल्या आहेत. शर्यतीतला मृत्यू त्यात बसत नाही. तेव्हा तसे काही झाले तर आईने त्या कचेरीत हेलपाटे घालू नयेत. तिथली खुर्ची चांगली नाही आणि तिचे गुडघे दुखतात.

कलम ३. हत्यारे

सर्व हत्यारे तालुक्यातल्या आयटीआयला द्यावीत. फक्त टॉर्कचा पाना वेगळ्या डब्यात आहे, तो देताना सांगून द्यावा. नट हवा तेवढा आवळला गेला की तो 'कट्' असा आवाज करतो. आवाज आला की थांबायचे. खात्रीसाठी म्हणून आणखी एकदा ओढून पाहणाऱ्याच्या हाती तो देऊ नये.

कलम ४. हेल्मेट

माझे हेल्मेट कोणालाही देऊ नये. एकदा आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसते, पण आतला थर दबलेला असतो, आणि तो पुन्हा फुगत नाही. करवतीने मधोमध कापून टाकावे. गेल्या फेब्रुवारीत आपटलेले एक मी स्वतः कापले. हे दुसरे आहे.

गेल्या फेब्रुवारीत काय झाले ते मला ठाऊक आहे तेवढेच लिहिते.

गाडी ट्रकवर चढवून आम्ही दक्षिणेला निघालो होतो. साताऱ्याच्या अलीकडे एका ढाब्यावर चहाला थांबलो. रत्नदीपने खिशातून हक्कसोडपत्राचा मसुदा काढून टेबलावर ठेवला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर माझाच कप ठेवला.

"सही करून ठेव. परत आल्यावर रजिस्टर करू."

"वाचून सांगते."

"काय वाचायचंय त्यात? आत्यानं वाचलं व्हतं व्हय?"

"म्हणूनच वाचते."

"आगं, लगीन झाल्यावर तुला काय करायचीय भऱ्याची जागा?"

"तुझं झालंय की लग्न. तू सोडलीस का?"

ट्रकचा ड्रायव्हर हसला. तो हसला नसता तर बरे झाले असते. रत्नदीपने कागद घडी करून खिशात घातला, आणि तिथून ट्रॅकपर्यंत आम्ही फक्त गाडीबद्दल बोललो.

आता पट्ट्यांबद्दल. शर्यतीच्या सीटला सहा पट्ट्यांचा बेल्ट असतो. कमरेचे पट्टे चालक स्वतः आवळतो. खांद्यांचे दोन त्याला नीट ओढता येत नाहीत. डोक्यावर हेल्मेट, मानेला आधार लावलेला, त्यामुळे खाली स्वतःची छातीसुद्धा दिसत नाही. म्हणून चालक बदलताना जो उतरतो तो दारातून आत वाकून, बसलेल्याचे खांद्याचे पट्टे ओढतो. ओढून झाले की हेल्मेटवर एक थाप मारतो. थाप म्हणजे झाले, नीघ. इंजिनाच्या आवाजात बोललेले ऐकू येत नाही, तेव्हा आमच्यात एवढा एकच शब्द आहे.

आई एकदा म्हणाली होती, "दोगं एकाच शीटवर बसता, पर एका येळंला कदी न्हाई." एका वेळेला आम्ही जवळ असतो ते तेवढेच. पट्टा ओढून होईपर्यंत.

त्या दिवशी रत्नदीप उतरला, मी बसले. तो आत वाकला. थाप मारली. मी निघाले. ब्रेक लावला की डावा खांदा पुढे जात होता आणि अंग वळत होते. मला वाटले, पाठीमागचा फोम सरकला असेल. पुढे एका वळणावर कुणाच्या तरी गाडीचे तेल सांडलेले होते. गाडी टायरांच्या भिंतीवर गेली. माझे उजव्या बाजूचे गळ्याजवळचे हाड मोडले.

मला बाहेर काढल्यावर माझ्या ऑफिसातला सहकारी आणि आमच्या टीमचा मेकॅनिक अमोल ढमाले याने पट्ट्यांचा फोटो काढला. ओढलेल्या पट्ट्याचे टोक लांब लोंबते. उजव्याचे लांब होते. डाव्याचे आखूड.

दवाखान्यात रत्नदीप माझ्याशी बोलला तो असा :

"दोनी वढले व्हते मी."

"थाप मारलीस तेवढं मला माहीत आहे."

"मंग? वढल्याबिगर मारीन का?"

"ते तू सांग."

"आगं, हाड उजवं मोडलंय तुजं. डावा सैल आसता तर डावं नसतं का मोडलं?"

"घट्ट पट्टाच हाड मोडतो, दादा. सगळा भार त्याच्यावर येतो. सैल पट्टा काहीच करत नाही."

त्यावर तो उठून बाहेर गेला. येताना माझ्यासाठी शहाळे घेऊन आला. 'दोनी वढले' हे त्याचे म्हणणे त्यानंतर बदललेले नाही.

थाप मारणे याचे मराठीत दोन अर्थ होतात. वर्षभर मी दोन्ही लावून पाहिले. आमच्या गाडीत चालकाची सीट उजवीकडे आहे. उजव्या दारातून वाकणाऱ्याला उजवा पट्टा जवळ पडतो. डावा पलीकडे असतो, बसलेल्याच्या अंगावरून हात घालून ओढावा लागतो. जवळचा आधी ओढला की काम झाल्यासारखे वाटते. घाईत कोणाच्याही हातून असे होऊ शकते. ढाब्यावरचा कागद खिशात नसलेल्या माणसाच्या हातूनही. यापैकी काय झाले, मला माहीत नाही. 'बहुतेक' हा शब्द मी चाचणीच्या अहवालात लिहीत नाही, इथेही लिहिणार नाही.

अमोल म्हणाला, "या वेळी मी चालवतो तुझ्याबरोबर. पट्टे मी ओढतो." त्याच्याकडे परवाना आहे आणि तो घाई करत नाही. मी नको म्हटले. अमोलला बसवले तर मी निकाल दिल्यासारखे होते. निकाल देण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही. शिवाय ती गाडी वडिलांनी दोघांसाठी केली होती.

चाचणीत काय बिघडते ते कळत नसेल, तर आम्ही एका वेळी एकच गोष्ट काढून टाकतो आणि पुन्हा चालवतो. माझ्या जाण्याने रत्नदीपला काहीतरी मिळते, ही एक गोष्ट या पत्राने मी काढून टाकत आहे. आईचा हिस्सा, त्याचा हिस्सा जसाच्या तसा आहे. माझा त्याच्याकडे जात नाही. यानंतर पट्टा सैल राहिला, तर तो फक्त राहून गेलेला पट्टा असेल. आईला, आत्याला, आणि मी वाचले तर मलाही, त्यापलीकडे विचार करावा लागणार नाही. हे पत्र माझा त्याच्यावर संशय आहे म्हणून नाही. संशय घ्यायला जागा उरू नये म्हणून आहे. या दोन वाक्यांत फरक आहे. तो रत्नदीपला समजेल की नाही, हे मी सांगू शकत नाही.

कलम ५. गाडी

गाडी आईची. ती तिला 'तांबडी' म्हणते, गोठ्यातल्या जनावराला म्हणावे तसे. चालवायची असेल त्याने आईला विचारावे. माझा मृत्यू याच गाडीत झाला असेल तर मात्र कोणी चालवू नये. पिंजरा कापून काढावा आणि वडिलांनी जोडलेला एक सांधा आईला ठेवायला द्यावा.

कलम ६. अंत्यविधी

डोळे दान करावेत. त्रिसरण-पंचशील म्हणावे. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात जिद्दीबद्दल आणि महिलांनी पुढे येण्याबद्दल भाषणे ठेवू नयेत. जेवणात इंद्रायणीचा भात असावा.

कलम ७. व्यवस्थापक आणि साक्षीदार

या पत्राची अंमलबजावणी अमोल ढमाले याने करावी. पहिला साक्षीदारही तोच. त्याला मी काही देत नाही, हे त्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "विठ्ठलरावांचा चष्मा तरी दे." तो विषय कलम १ मध्ये संपला आहे.

दुसऱ्या साक्षीदाराची जागा मी रत्नदीपसाठी ठेवली आहे. मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याला साक्षीला घेऊ नये, असे वकील म्हणाले. म्हणून या पत्रात त्याच्या नावाने काहीही नाही, एक पानासुद्धा नाही. त्याने हे शेडमध्ये बसून पहिल्या ओळीपासून वाचावे. वाचून सही केली नाही तरी माझी हरकत नाही. मग दुसरी सही डॉक्टर करतील, ते तयार आहेत. गाडी मात्र ट्रकवर चढणार नाही. सही केली तर आम्ही जाऊ, आणि पट्टे तोच ओढेल.

वर लिहिलेले सर्व मी लिहिले, वाचले आणि पुन्हा तपासले. खाडाखोड एका ठिकाणी आहे, कलम ४ मध्ये, तिथे मी सही केली आहे.

ठिकाण : भरे, ता. मुळशी, जि. पुणे
दिनांक : ८ जानेवारी २०२६

(सही) पायल प्रमोद ओव्हाळ

पायल ओव्हाळ यांनी आमच्या समोर सही केली आणि आम्ही त्यांच्या समोर केली :

१. (सही) अमोल ढमाले, रा. पिरंगुट

२. (सही) रत्नदीप प्रमोद ओव्हाळ, रा. भरे

(साक्षीदार क्र. २ यांनी सहीखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलेला मजकूर :)

सगळं वाचलं. चार नंबरचं दोनदा वाचलं. डावा राहिला आसंल. ह्या टायमाला डावा आधी, मग उजवा, मग थाप.