मार्था बाईंचं ‘छान’

१ नोव्हें., शनि.
पियानोच्या पुस्तकातल्या मिन्युएटची दोन्ही पानं पहिल्यांदाच न थांबता वाजली. लगेच मोबाइलवर रेकॉर्ड केलं, ताईला पाठवायला. मग ऐकलं.
बाप रे. हे मी?
डावा हात नुसता धपधप, उजवा त्याच्याखाली गाडलेला. सोप्या ओळीत पळत सुटते, अवघड आली की अडखळते. दुसऱ्या पानावर एक सूर तर सरळ बेसूर. पुस्तक काढलं. सी शार्प. काळी पट्टी. मी महिनाभर पांढरी दाबतेय!
विलास दाढी करत होता. नवऱ्याला काय विचारायचं, तरी विचारलं. "मले तं बरंच वाटते. बाईनं काई म्हटलं नाई न?"
नाही. बाई दर रविवारी ‘छान’च म्हणतात.

२ नोव्हें., रवि.
बल्लारपूर ते चंद्रपूर, स्कूटीवर, कोळशाच्या ट्रकांमागून. डोक्यात एकच. मार्था बाईंनी मिशनच्या शाळेत जन्मभर संगीत शिकवलं. त्यांच्या कानातून सी शार्प सुटेल?
बाई नेहमीच्या खिडकीजवळच्या खुर्चीत. आज बरोबर वाजवलं. "छान."
मग का केलं कोण जाणे. पुन्हा वाजवलं, मुद्दाम चुकवत. एकदा नाही, तीन-चारदा.
"हे तं आणखी छान झालं, वैशाली."
चहा घेतला, निघाले. विसापूर फाट्यावर गाडी बाजूला घेऊन उभीच राहिले.

५ नोव्हें., बुध.
फक्त डावा हात. हळू. तोंडाने एक-दोन-तीन. दुकान उघडायच्या आधी तेवढंच जमलं.
विलासला सांगितलं, बाईंना ऐकू येत नसावं. तो म्हणे, "वय झालं त्याइचं. विचारू नको, वाईट वाटन."
पण आर्या? आमच्याच गल्लीतली, आठवीतली, बाईंचीच विद्यार्थिनी. डिसेंबरात तिची पियानोची परीक्षा. तिची आई परवाच दुकानात सांगत होती, बाई फार खूश आहेत पोरीवर.

९ नोव्हें., रवि.
विचारलंच. "बाई, तुम्हाले ऐकू येते न?"
"खालचे सूर येतेत. वरचे नाई. दोनेक वर्षं झाली असन."
"मग छान म्हणता ते?"
"तुहे खांदे पाहून. खांदे सैल असले का वाजवणं बरं असते. इतकं समजते मले."
दोन वर्षं! कानातलं मशीन घालून पाहिलं म्हणे, पियानो पत्र्यासारखा वाजतो त्यात.
"आर्याच्या आईले सांगू नको. लेकरं गेली तं ह्या घरी येईन कोण?"
राग येत होता आणि रडूही. तेवढ्यात बाई उठून शेजारी येऊन बसल्या. माझ्या डाव्या मनगटावर तळहात ठेवला. "वाजव." वाजवलं. हात आपोआप हलका पडत गेला.
घरी येऊन रेकॉर्ड केलं. उजव्या हाताचं गाणं वर आलंय. स्वच्छ. ज्यांना ते ऐकूच आलं नसेल त्यांनी ते माझ्या हातातून काढलं!

विश्वास बसत नाही. चारदा ऐकलं.

१३ नोव्हें., गुरु.
बाईंच्या घरी जाऊन समोर बसून बोलले. आर्याच्या तासाला मी बसते. तुम्ही तिचे हात बघा, मी ऐकते. मात्र परीक्षेआधी तिच्या आईला तुम्हीच सांगायचं.
वाटलं, रागावतील. रागावल्या नाहीत. "तुह्या कानाच्या भरवशावर?" एवढंच.
मग म्हणाल्या, "ये."
विलास म्हणतो, "तुले स्वतःचं तं ऐकू येत नोतं!" खरंय. पण दुसरं कोण आहे?

१६ नोव्हें., रवि.
आर्या भरभर वाजवते, माझ्यापेक्षा कितीतरी पुढची. पुस्तक माझ्या मांडीवर. अर्ध्या पानापर्यंत बोट धरून होते, मग ओळ हरवली. मध्ये काहीतरी खटकलं. की खटकलं नाही? कळेना.
ती थांबली. बाईंनी तिच्या खांद्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आर्याही वळली.
"मावशी, बरोबर होतं न?"
दोघी थांबलेल्या.
"आणखी एकदा वाजव," म्हटलं. "हळू."