चमकणारा निळा

सुरत, ५ जुलै १९८९

परत माझंच चुकलं म्हणे! नानांना किती वेळा सांगायचं, रोख पैसे वाटले की ते घरखर्चात जातात. म्हणून तर शिरपूरच्या आमच्या गल्लीतल्या सहा पोरींच्या गणवेशासाठी मी कारखान्यातून निळ्या कापडाचा तागा धाडला होता. आज नाना, आमचे तिथले जुने शेजारी, शिरपूरहून आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "भाऊ, तुनं कापड चांगलं शे, पण फार चमकस."

चमकणारच. पॉलिस्टर आहे ते!

मग कळलं. बाकीच्या पोरींचे गणवेश सुती, दुकानातले. आमच्या सहाजणी रांगेत लांबूनच ओळखू येतात. पोरं त्यांना 'फुकटनी' म्हणून चिडवतात. त्यातली वंदा सगळ्यांत हुशार, ती घरीच बसली. बाप गवंडी. तो म्हणतो, "पाटीच ना? हातात नको, डोक्यावर घेईल." सोमवारी तिला कामावर नेणार.

मी उसळलो, "चिडवलं म्हणून शाळा सोडायची?"

नाना शांतपणे म्हणाले, "मंग तू कसाले सोडी व्हती?"

चौथीत फुकटच्या पाटीसाठी मास्तरांनी सगळ्यांदेखत माझं नाव पुकारलं. मी उठलो नाही. दुसऱ्या दिवशी गेलोच नाही. नानांना ते अजून आठवतं?

त्यांनी विचारल्यापासून तो चमकणारा निळा डोळ्यांसमोरून हलत नाही. मला कसा नाही दिसला?

नाना उद्या सकाळच्या गाडीनं परत जातील. त्यांना बजावलंय, त्याच दुकानातून घ्या, तोच सुती निळा, तयार शिवलेला. पैसे कुणाचे ते सांगू नका. आणि वंदाचा आधी, सोमवारच्या आत.

सहा गणवेश. तीनशे रुपये.