साधी घेतली, आबा

आबा, मी बेस गिटार विकत घेतली. साधीच घेतली, महागातली नाही. का, ते दादाने सांगण्याआधी मला सांगायचंय. तुम्ही असता तर एवढं ऐकूनच उठून गोठ्याकडे गेला असता. आता मात्र मला पुरतं बोलू द्या.

बेस म्हणजे तीच, चार जाड तारांची, जी तुम्ही मला सांगलीच्या कॉलेजात गळ्यातून काढायला लावलीत. शेवटचं वर्ष होतं. गॅदरिंगच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवणारा मुलगा कॉलेज सोडून गेला, म्हणून सरांनी ती माझ्या हातात दिली, आणि बोटांना घट्टे पडेपर्यंत मी सराव केला. तुम्ही मला घरी न्यायला आष्ट्याहून आलात आणि हॉलच्या दारात उभे राहिलात, पलटणीतून येऊन इतकी वर्षं झाली तरी तसेच ताठ. पहिलं गाणं संपलं. तुम्ही सरळ स्टेजवर चढलात. "ठिव ते खाली. चल." टाळ्या अर्ध्यातच विझल्या. घरी आल्यावर आईला म्हणालात, "पट्टा अडकवून हुबी हुती पोरगी, समद्या लोकांम्होरं. आता सोयरीक बघाय पायजे."

त्याच संध्याकाळी आई चुलीपुढं भाकरी थापते आहे. मी कोपऱ्यात मेथी निवडते आहे, डोळे सुजलेले. तुम्ही पाटावर बसला आहात, माझ्याकडं न बघता, आणि तुमची बोटं मांडीवर वाजताहेत. पलटणीच्या बँडमध्ये तुम्ही मोठा ढोल वाजवायचात, तेव्हा बोटं वाजणं नवं नव्हतं. पण ठेका दुपारच्या माझ्या गाण्याचा होता. तुम्हाला ते कळत होतं का, हे मी कधी विचारलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही मला साताऱ्याला दिलंत.

साताऱ्यात मी शाळेत शिकवलं, मुलं वाढवली, आणि पन्नाशी जवळ आल्यावर पुन्हा पट्टा अडकवला. आम्ही चौघी जणी आहोत. एक निवृत्त नर्स गाते, एक कीबोर्डवर, एक ढोलकीवर. हळदीला, गणपतीत, महिला मंडळात वाजवतो. बेस होती कीबोर्डवालीच्या भाच्याची. तो नोकरीला पुण्याला गेला आणि ती घेऊन गेला. म्हटलं, आता स्वतःची घ्यायची. घरी ह्यांनी पेपरातून मान वर न करता "घे की" म्हटलं. सांगलीत वाद्यांचं जुनं दुकान आहे, तिकडं निघाले. दादाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "थांब, मी बी येतो." मला बरं वाटलं. आई गेल्यापासून माहेर म्हणजे तोच.

दुकानदाराने विचारलं, "मुलासाठी बघताय का ताई?" "माझ्यासाठी," मी म्हटलं. त्याने दोन काढल्या. साधी जड होती, मान जाडजूड, आणि सगळ्यात जाड तार छेडली की वरच्या पडद्यांवर घासून चरचरायची. मग महागातली. आबा, काय सांगू! हात आपोआप फिरत होता. तो खालचा सूर छातीत उतरला आणि तिथंच थांबला, जराही न डळमळता. दुकानदार म्हणाला, "ऐकणाऱ्यांना फारसा फरक नाही कळायचा." मी म्हटलं, "मला कळतो ना." तरी माझी ऐपत साधीचीच होती, ते मी घरून ठरवूनच आले होते.

"कुठली बरी?" दादाने विचारलं. मी बोट दाखवलं. "मग तीच बांधा वो. पैसं मी देतो. भणीची हौस हाय." माझे डोळे भरून आले. जन्मात कुणी माझ्या वाजवण्याला हौस म्हटलं नव्हतं. दुकानदार खोकं आणायला आत वळला, आणि दादा हळूच म्हणाला, "आलीच हायस तर उद्या तालुक्याला जाऊ. रानाच्या हक्कसोडीवर सही तेवढी करून टाक. लग्नात तुला दिलंयच की. आबा असतं तर त्येंनी बी हेच सांगितलं असतं."

सांगितलं असतंत. मला माहीत आहे.

"रानाच्या बदल्यात ही गिटार?" मी विचारलं.

"बदल्यात कशाला म्हणतीस? माया हाय गं."

"माया असंल तर सही कशाला पायजे?"

खोकं घेऊन आलेला दुकानदार तिथंच घुटमळला. मी त्याला म्हटलं, "ती राहू द्या. साधी द्या." माझ्या पगारातली, माझ्या हाताने घेतलेली. दादा गाडीत जाऊन बसला आणि मी ती जड गिटार खांद्याला लावून स्टँडवर चालत गेले. रस्त्यात लोक बघत होते. बघू देत.

तिला मी चांगल्या तारा लावल्या, तारांची उंची नीट करून घेतली. तरी तिसऱ्या गाण्याला सुरातून उतरतेच. मी दोन गाण्यांच्या मध्ये खुंट्या पिळून घेते आणि पुढं वाजवते. साताऱ्यातल्या पहिल्या कार्यक्रमात मी सगळ्यांत पुढं उभी राहिले, पट्टा अडकवून. मला खाली उतरवायला कुणी आलं नाही.

भाऊबीजेला दादाही आला नाही. दुपारपर्यंत वाट बघितली, मग मुलांना वाढून घेतलं. वहिनीचा फोन मात्र परवा आला, चोरून बोलल्यासारखा. "वन्सं, माझा भाऊ कागद घिऊन आलाय. माझी बी सही पायजे म्हणतोय. काय करू?"

"दादाला विचारलंस?"

"इचारलं की. त्ये म्हणत्यात, अजाबात सही करू नगो, तुझा हक्काचा वाटा हाय."

दोघी अशा हसलो की तिला फोन ठेवावा लागला. थोड्या वेळाने तिनेच परत लावला. "न्हाई करायची, व्हय ना?" मी म्हटलं, "न्हाई करायची. तूबी न्हाई आन् मीबी न्हाई."

आबा, तुम्हाला हे पटणार नाही, आणि तुम्हाला पटावं म्हणून मी लिहिलेलंही नाही. रान सातबाऱ्यावर माझ्याही नावाचं आहे आणि राहील. फक्त एक गोष्ट दादाला कळू देणार नाही, म्हणून हा कागद घराबाहेर जायचा नाही. त्या दिवशी दुकानात तो नसता, तुम्ही असता, आणि मांडीवर बोटं वाजवत तुम्ही म्हणाला असता, "कर गं सही," तर मी केली असती. कुठलीच गिटार न घेता.