हातावरचा ताबा

३ जानेवारी, सकाळी
अरुंधतीताईंच्या गाण्याला पेटीवर मला घेतलं. देवास, उज्जैन, शेवटी इंदूर. इंदूरला नीट झालं तर पुणे, नाहीतर ताई दुसरी पेटीवाली बघणार. मला भीती अजिबात नाही. बाबांनी घरीच तयार केलंय. सूर चुकला की थांबायचं, स्वतःच्या गालावर एक थप्पड, मग पुढे. वीस वर्षांत गाल पक्का झालाय.

९ जानेवारी, देवास
उत्तम झालं. उन्मेषचा तबला पळाला, म्हणून मध्यंतरात समजावलं. समजावताना त्याचीच तबला जुळवायची हातोडी माझ्या हातात होती. म्हणाला, "यार, उंगली तोडेगी क्या?" बोट थोडं सुजलंय. मी मारकुटी नाही.
उद्यापासून हातोडी लांब ठेवणे.

१२ जानेवारी, उज्जैन
हातोडी लांबच होती. मागे तानपुऱ्यावर बसलेली रुची भर गाण्यात जांभया देत होती. कार्यक्रम संपल्यावर पाण्याची बाटली फेकली. स्टीलची आहे हे फेकल्यावर लक्षात आलं. दोन टाके. केसांत आहेत, दिसत नाहीत.
ताई म्हणाल्या, "शमिका, आता कुणाला हात लावलास तर पुणं विसर."
लावणार नाही. शपथ.

१८ जानेवारी, इंदूर, दुपारी ४
बाबा पहिल्या रांगेत बसणार. हात बर्फासारखे. थंडीच आहे.

१९ जानेवारी
शपथ पाळली. कुणालाही हात लावला नाही.
तिसऱ्या गाण्यात माझा गंधार चुकला. हात आपोआप उठला. माईक जवळ, थप्पड हॉलभर ऐकू गेली. ताई गायच्या थांबल्या. मी पुढे वाजवणार, तेवढ्यात समोरून बाबा म्हणाले, "हळू बसली. परत."
परत मारली. ओठ फुटला. पट्ट्यांवर रक्त, बोटं घसरली, पुन्हा चुकलं, म्हणून तिसरी. उन्मेष माझा हात धरायला धावला. त्याच्या नाकाला माझं कोपर लागलं. पडदा पाडावा लागला.
कोपर हातात मोजतात का, ताईंना विचारायला हवं.

२१ जानेवारी, संध्याकाळी
पुण्याला नवी पेटीवाली जाणार, अस्मिता. चाली समजून घ्यायला ताईंनी तिला आमच्याकडे, सुदामा नगरला, पाठवलं. बाबांनी आधी पोहे खायला लावले, वर जीरावन मसाला स्वतः भुरभुरला. मग ती पेटीवर बसली. पहिल्याच ओळीत चुकली. थांबलीही नाही, तशीच वाजवत राहिली.
मी बाबांकडे पाहिलं.
बाबा म्हणाले, "असू दे बेटा. होतं असं."