खिडकीकडची जागा

सातपूर, नाशिक
दि. ८ डिसेंबर २०२४

तीर्थरूप आईंस,
योगिनीचा शि. सा. न. वि. वि.

कागद पुढ्यात घेतला आणि पहिल्याच शब्दाला अडले. लग्नाला तीन आठवडे झाले. आता तुम्हाला आई म्हणायचं की नाही हे कोणाला विचारावं कळेना. शेवटी रोहितनाच विचारलं. ते म्हणाले, सतरा वर्षं जे म्हणत आलीस ते एका रजिस्टरवरच्या सहीनं कसं बदलेल? म्हणून आईच लिहिलं आहे. चालणार नसेल तर तसं कळवा.

फोनवर तुम्हाला नुसती घरघर ऐकू येते. माझं बोलणं सायलीनं तुमच्या कानाशी ओरडून सांगायचं, म्हणजे निम्मं तर माझ्या मनातच राहतं. त्यापेक्षा पत्र बरं.

घर लागतंय हळूहळू. तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही. एक खोली, एक स्वयंपाकघर आणि पुढे गॅलरी, एवढाच संसार. भद्रकालीतून जुनं लोखंडी कपाट आणलं, ते जिन्याच्या दुसऱ्या वळणावर असं अडकलं की ना वर जाईना ना खाली येईना. तासभर बिल्डिंगमधल्या लोकांची ये-जा बंद. मग पहिल्या मजल्यावरच्या खुर्शीदाभाभी बाहेर आल्या. त्यांनी सांगितलं की आधी दारं काढा, मग आडवं करा. त्यांचं कपाट पण असंच चढलं होतं. तसं केलं आणि दोन मिनिटांत वर! रोहित कंपनीत रोज लेथवर केसाएवढी मापं घेतात, पण जिना मोजायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही. यावरून मी त्यांना अजून चिडवते. संध्याकाळी भाभींनी डबाभर शिरखुर्मा पाठवला. नव्या घरात पहिलं गोड तेच.

आता महत्त्वाचं. गॅलरी सात फूट लांब आणि साडेचार फूट रुंद आहे. रोहितनी तिला सरकत्या काचा बसवून घेतल्या. तिथे एक अरुंद कॉट बसतो, खाली दोन खण आणि भिंतीला दुमडणारी फळी अभ्यासासाठी. ही जागा माझ्या लेकीची, सायलीची. दहावी झाली की तिनं इथे यावं, अकरावी नाशिकला करावी, असं आम्हा दोघांना मनापासून वाटतं. फोनवर ती माझ्याशी हो-नाहीच्या पुढे जात नाही, अभ्यास आहे म्हणते आणि ठेवून देते. म्हणून ही गोष्ट तुम्हीच तिला सांगा. तुमचं ती ऐकते.

गुडघ्याला तेल लावत जा. तुमची माया आहे तोवर मला कशाची कमी नाही.

तुमचीच,
योगिनी

———

कळवण
दि. १७ डिसेंबर २०२४

चि. सौ. योगिनीस,
बयाबाईचे अनेक आशीर्वाद.

सहा वर्षांनी तुझ्या नावाआधी सौ. लिहिलं. माझा केदा गेला तेव्हापासून तुझं नाव लिहायची वेळ आली की पेन तिथं रिकामं फिरायचं. आज लिहिताना हात जरा थांबला, नाय असं नाय. पण लिहिलं. हे स्थळ मीच बघितलं, अंगणवाडीतल्या माझ्या जोडीच्या दीपमालाला तिच्या भावासाठी मीच विचारलं, मग आता हात थांबून कसं चालेल?

आई म्हणायचं की नाही हे विचारल्याबद्दल तुझे कान धरायला पाहिजेत. अंगणवाडीत तीस वर्षं लोकांच्या पोरांना घडवलं आणि घरातल्या पोरीला एवढं शिकवता आलं नाय, असं म्हणायची वेळ आणली.

कपाटाचं वाचून लय हसले. मी एकटीच हसते म्हणून सायली दारातून बघून गेली. रोहितला सांग, अंगणवाडीतलं पोषण आहाराचं पिंप आम्ही दोघी बायकांनी खिडकीतून आत घेतलं होतं. दीपमालाला विचार म्हणावं.

इकडं थंडी आहे. भुईमुगाच्या शेंगा पाठवते आहे, शेजारचा माणूस नाशिकला येणार आहे.

तुझं पत्र सायलीला वाचून दाखवलं. गॅलरीचं म्हणशील तर तिचं मन दिसत नाही. दहावीचं वर्ष आहे, तिच्या डोक्याला जास्त ताण देऊ नको. फोनवर तो विषय काढू नको. पोरगी इथं खाऊनपिऊन सुखात आहे.

दोघं जपून राहा. लोभ तर काय, तो माझ्याकडं तुझ्या नावाचा जमाच आहे.

तुझी,
आई

———

सातपूर
दि. १९ जानेवारी २०२५

तीर्थरूप आईंस,
सा. न. वि. वि.

शेंगा मिळाल्या. खुर्शीदाभाभींना वाटीभर दिल्या तर त्यांनी दुसऱ्या दिवशी त्याची चटणी करून आम्हालाच आणून दिली, आमच्यापेक्षा झकास.

पडदे लागले. निळे आहेत. रोहितना हिरवे हवे होते, पण दुकानात माझ्याकडे बघून त्यांनी निळे म्हटलं. घरी आल्यावर कबूल केलं. बेचाळीस वर्षं एकटा राहिलेला माणूस, आई. आपल्याला काय आवडतं हे मोठ्यानं सांगायची सवय नाही. मला पण राहिली नव्हती. एका कपात चहा ओतून दोघं एकमेकांची वाट बघत बसतो, आधी कोणी घ्यायचा म्हणून. तुम्ही बघितलं असतं तर दोघांनाही ओरडला असतात.

संक्रांतीला सुट्टी टाकून ते तिळगूळ घेऊन कळवणला आले होते, ते तुम्हाला माहीतच आहे. सायली मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली होती, भेट झाली नाही. दोन तास थांबून साडेतीनची गाडी धरली. घरी येऊन म्हणाले, तुझ्या सासूबाईंनी मांडे खाऊ घातले, लय आग्रह केला. सायलीचं काहीच बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

कपडे धुवायचं मशीन घ्यायचं चाललं आहे. दुकानदार म्हणाला, गॅलरीत ठेवा, सगळे तिथेच ठेवतात. रोहित नाही म्हणाले. मग न्हाणीत बसेल असं लहान मशीन शोधायला चार दुकानं फिरलो. गॅलरीत कॉट आहे, त्यावर गादी आहे, गादीवर चादर घातलेली आहे. मी रोज झाडते. सायलीला मात्र काही विचारत नाही, तुम्ही म्हणालात तसं. परीक्षा नीट होऊ दे.

तिचं हॉल तिकीट आलं की कळवा. कृपा आहेच, अशीच असू द्या.

तुमचीच,
योगिनी

———

कळवण
दि. २८ मार्च २०२५

चि. सौ. योगिनीस,
आशीर्वाद.

हे पत्र उभ्यानं वाचू नको, बसून वाच.

परवा पाडवा आहे आणि सायली घरात नाही. राखीकडं, तिच्या मैत्रिणीकडं गेली आहे, तीन दिवस झाले. जेवते, ठीक आहे, मी दोनदा बघून आले. माझ्याशी बोलत नाही. का बोलत नाही ते सांगते.

मी तुझं डिसेंबरातलं पत्र तिला वाचून दाखवलं, हे खरं आहे. ती भाकरी थापत होती, मी चुलीपाशी बसून वाचत होते. कपाटाचं वाचलं, शिरखुर्म्याचं वाचलं. गॅलरीपाशी आले आणि तो भाग गाळून सरळ गुडघ्याच्या तेलावर गेले. ती थांबली. तिनं विचारलं की आईनं माझ्याबद्दल काही लिहिलंय का. मी म्हणाले की अभ्यास कर असं लिहिलंय. घर लय बारीक आहे, दोघांनाच पुरतं, असंही म्हणाले. योगिनी, माझ्या तोंडातून ते किती सहज गेलं!

संक्रांतीला रोहित येणार हे मला आदल्या दिवशी कळलं होतं. राखीकडं मीच तिला पाठवलं. तो दोन तास दाराकडं बघत बसला होता. मी त्याला मांडे वाढत होते.

मला आधी वाटलं नव्हतं असं होईल. तुझं लग्न मी मनापासून केलं, देवाशपथ. पण तू गेलीस त्या दिवशी संध्याकाळी दळण आणलं आणि कळलं की आता दोघींचंच दळायचं. मग पुढं हिशोब आपोआप झाला, की सायली गेली म्हणजे एकीचं. केदा गेला तेव्हा घरात तुम्ही दोघी होतात. मला एकटं राहायची सवय कधी लागलीच नाही. सदुसष्टाव्या वर्षी कशी लावू?

पेपर संपून आठवडा झाला त्या दिवशी पोरगी जेवायला बसली आणि ताटावर रडायला लागली. म्हणाली, आजी, त्या अख्ख्या घरात एक गादी टाकायला पण जागा नाही का? मी उठले, ट्रंकेतून तुझी दोन्ही पत्रं काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली. तिनं तिथंच वाचली. मग दप्तरात चार कपडे भरले आणि निघून गेली.

आपल्यात केदाचं नातं होतं तोवर मी सासू होते. तो गेल्यावर तू मला आई केलंस. आईनं जे करू नये ते मी केलं. तू पत्र पाठवलं नाहीस तरी मला समजेल.

बयाबाई

———

सातपूर
दि. ७ एप्रिल २०२५

तीर्थरूप आईंस,
योगिनीचा नमस्कार.

खाली "बयाबाई" अशी सही का केलीत? पत्रातल्या सगळ्यापेक्षा मला तेच जास्त लागलं.

राग आला. खोटं कशाला सांगू? चार दिवस मी भांडी आदळत होते. पॅकिंगच्या कामावर दोन वेळा डब्यांची मोजणी चुकली. गॅलरीत जाऊन त्या चादरीकडे बघितलं की वाटायचं, तीन महिने माझी पोर तिकडे समजून बसली होती की आईनं तिला मोजलंच नाही. पत्र मी रोहितना दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. मी त्यांना म्हटलं, तुम्हाला राग कसा येत नाही, तुम्हाला तर दाराशी बसवून ठेवलं. ते म्हणाले, मला त्या दिवशीच कळलं होतं. सायलीच्या चपला कुठे आहेत असं मी सहज विचारलं तर तुझ्या सासूबाई खाली बघायला लागल्या. पण मला वाटलं की मुलगीच नको म्हणाली असेल आणि त्या तिला झाकताहेत, म्हणून बोललो नाही.

पाचव्या दिवशी मला दुसरंच काही कळलं, आई. तेच सांगायला हे पत्र.

सायलीचं मन दिसत नाही असं तुम्ही लिहिलंत, ते वाचून मला रडू आलं होतं. पण रडून झाल्यावर थोडं सुटल्यासारखंही वाटलं. नवं माणूस, नवं घर, चहा आधी कोणी घ्यायचा हे सुद्धा ठरलेलं नाही. त्यात पंधरा वर्षांची मुलगी आपल्याकडे बघत असणार, याची मला भीती वाटत होती. तुम्ही म्हणालात विषय काढू नको, आणि मी लगेच ऐकलं. एरवी मी तुमचं इतक्या लगेच कधी ऐकलं आहे? कळवणची गाडी दर तासाला असते. मी एकदाही बसून आले नाही. तिच्यासमोर उभी राहून, सायली चल, असं म्हटलं नाही. काही ओळी तुम्ही गाळल्यात, आणि मी त्या तोंडानं बोललेच नाही. हे तुमच्यावर घालता येणार नाही.

येत्या रविवारी मी एकटीच येते आहे. राखीकडे जाऊन सायलीला विचारणार आहे. ती नाही म्हणाली तरी चालेल, पण या वेळी ते मला तिच्या तोंडून ऐकायचं आहे. नंतर तुमच्याकडे जेवायला येईन. भांडण करायचं असेल तर जेवणानंतर करू, रिकाम्या पोटी मला सुचत नाही.

एकटं राहायचं कसं हे मलाही माहीत नाही. सहा वर्षं मी तुमच्या जिवावरच काढली.

तुमचीच,
योगिनी

———

सातपूर, नाशिक
दि. २३ एप्रिल २०२५

ती. आजीस,
सायलीचा नमस्कार.

तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहिते आहे. नाहीतर लिहिलं नसतं.

दहा दिवस झाले इथे येऊन. आई राखीच्या अंगणात आली तेव्हा मी ठरवलं होतं की बोलायचं नाही. ती काही समजावत बसली नाही. म्हणाली, मी तुला न्यायला आले आहे आणि मला यायला उशीर झाला. एवढंच. मग ती रडायला लागली आणि राखीच्या आईनं आम्हा दोघींना पाणी दिलं. फार ऑकवर्ड होतं.

घर खरंच लहान आहे. आई पोळ्या करते तेव्हा फ्रिज उघडता येत नाही. माझ्या खिडकीतून समोरच्या कंपनीचं गेट दिसतं. सकाळी सातला पहिली पाळी आत जाते, तेव्हा मोटरसायकलींचा एवढा आवाज होतो की झोप मोडतेच. रोहितकाका गॅलरीत यायचं असलं की काचेवर टकटक करतात. काच आहे, मला ते दिसतातच, तरी करतात. मी मान हलवली की मगच आत येतात. परवा त्यांनी विचारलं की पडदा कुठल्या रंगाचा हवा. मी हिरवा म्हणाले तर ते केवढे खूश झाले, आणि आई त्यांच्याकडे बघून हसायला लागली. काय जोक होता मला कळला नाही.

अकरावी इथेच करणार आहे. निकाल लागू दे, मग कॉलेज बघू. हे माझं मी ठरवलं आहे, आईनं नाही. दुसरं पण एक मी ठरवलं आहे, ते दोघांनाही सांगितलं. एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी मी कळवणला येणार. उन्हाळ्यात तू चल इकडे असं आई म्हणते, पण तीन जिने तुझ्याच्यानं चढवणार नाहीत, आणि आपलं घर सोडून तुला झोप येत नाही हे आईपेक्षा मला जास्त माहीत आहे.

आई म्हणते की तिनं तुला माफ केलं. मी अजून केलेलं नाही. तू मला वाचून दाखवतेस तेव्हा मी कधीच कागद मागून घेत नव्हते, पहिलीपासून. आता प्रत्येक वेळी मागणार. त्याचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

इथे संध्याकाळी कोणी मोठ्यानं पेपर वाचत नाही. कान बसल्यापासून तू इतकी ओरडून वाचायचीस की गल्लीला ऐकू जायचं आणि मी चिडायचे. इकडे सहा वाजले की मला उगाच काहीतरी राहिल्यासारखं वाटतं.

या शनिवारी दुपारच्या गाडीनं येते आहे. भांडायला येते आहे, हे आधीच सांगून ठेवते. भाकरी दोघींच्या कर.

तुझी,
सायली