चादरीच्या दुसऱ्या टोकाचा ‘हं’

प्रिय धाकट्या,

फोनवर बोलले तर शिव्याच देईन, म्हणून लिहायला बसले. सकाळी नोटीस आली ती चार वेळा वाचली, तरी डोकं अजून ठिकाणावर नाही. आईच्या चादरीच्या गाण्याचं मी टाकलेलं रेकॉर्डिंग नेटवरून काढून टाकलंय. कारण काय, तर कॉपीराइटचा भंग. आणि गाण्याचे मूळ रचनाकार म्हणून खाली तुझं नाव, आपल्या आडनावासकट. मला वाटलं, त्याच नावाचा दुसरा कुणी असेल. मग तुझा फोटो दिसला. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण त्या आपल्याच घरातून येतील असं कधी वाटलं नव्हतं रे.

ते रेकॉर्डिंग आईच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यातलं. इस्पितळाच्या धुलाईखान्यात आम्ही दोघी एकाच टेबलावर होतो. मोठी चादर एकटीला घडी घालता येत नाही. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. ती म्हणायची, ‘टोकाला टोक लाव, काठाला काठ’, मी ‘हं’ म्हणून चादर ताणायची, मग ती पुढची ओळ घ्यायची. मी ‘हं’ म्हटलं नाही तर ती तिथेच थांबायची, आणि वर मलाच झोपाळू म्हणायची. ओळी तिच्या स्वतःच्या, रोज एखादी नवी. खिशातल्या फोनवर मी ते टिपलं आणि आमच्या बायकांसाठी नेटवर टाकलं. ऐकणाऱ्या मोजून चाळीस. तो फोन पुढे धुण्याच्या पाण्यात गेला, त्यामुळे नेटवर होतं तेवढंच उरलं.

गेल्या वर्षी तू मागितलंस तेव्हा त्याचा दुवा मीच तुला पाठवला, हौसेनं. तू त्याला ठेका लावलास, लाखो लोक नाचले. खरं सांगते, मला अभिमान वाटला. आमच्या पर्यवेक्षक बाईसुद्धा कमरेला पदर खोचून नाचल्या. तू नवं काही केलंस याचा मला राग नाही. आईनंही तिच्या आईच्या ओवीची चाल उचललीच असेल की. पण गाणं काढणाऱ्या कंपनीच्या फॉर्मवर ‘मूळ रचना’ पुढे स्वतःचं नाव लिहिताना तुझा हात अडखळला कसा नाही? घाईत लिहिलंस म्हणशील. तुझ्या घाईनं आईच आपल्या गाण्यात परकी झाली.

आणि तू माझे सगळे ‘हं’ काढून टाकलेस. कुणाला तरी सांगितलंस म्हणे, मागचा गोंगाट साफ केला. ते ऐकून तेव्हा मी हसले होते.

आता जे सांगायचं ते सांगते. दोन महिन्यांपूर्वी आईला चक्कर आली होती, आता ठीक आहे, असं मी तुला कळवलं. ते खोटं होतं. तुझा मोठा कार्यक्रम होता, म्हणून लपवलं. ती चूक माझी. तिला झटका आला होता, धाकट्या. तिची वाचा गेली. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, ओळखीचं काही ऐकवा. मी ते रेकॉर्डिंग लावत राहिले. अकराव्या दिवशी पहिली ओळ संपली आणि रेकॉर्डिंगमधल्या माझ्या आवाजाच्या आधी आई म्हणाली, ‘हं’. तेवढा एकच शब्द तिच्याकडे आहे. आज रेकॉर्डिंग लागेना, म्हणून मी तुझं गाणं लावलं. आईनं तोंड उघडलं, पण ठेका थांबलाच नाही. तिनं दोनदा प्रयत्न केला आणि भिंतीकडे तोंड केलं. हरकत घ्यायला मला सात दिवस दिलेत. मला भावाविरुद्ध फॉर्म भरायचा नाही. तू तुझा दावा मागे घे, रचनाकार म्हणून आईचं नाव लिही. आणि उद्या सकाळी दहाला फोन कर. मी तो तिच्या कानाशी धरीन. पहिली ओळ तू म्हण, आणि मग थांब. कितीही वेळ लागला तरी थांब.

तुझीच,
ताई